सहासष्टची एमजीबी बघायला: ऑक्सफर्ड ते लेस्टर, चार दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

गाडीच्या जाहिरातीत सात फोटो होते आणि सातही वरूनच काढलेले. मामांनी ते फोनवर पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "खालचा एकही नाही. म्हणजे खालचंच बघायला हवं."

मामा पस्तीस वर्षं कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात लेथवर उभे होते. आता लेस्टरला मुलीकडे असतात. मला एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश उघडी मोटार, घ्यायची आहे हे पुराण ते दोन वर्षं ऐकत आलेत. क्रोमचे बंपर, तारेच्या आऱ्यांची चाकं, कापडी छत, दोन माणसं आणि त्यांच्या मागे जेमतेम एका पिशवीची जागा. १९७४ नंतर अमेरिकेतल्या नियमांपायी या गाडीला काळे रबरी बंपर आले, शिवाय ती थोडी उंचही केली गेली. त्या गाड्या स्वस्तात मिळतात, पण मला नको. नाकावर पडून ओठ सुजल्यासारखा चेहरा दिसतो.

दोन गाड्या बघायच्या होत्या. एक कॉट्सवोल्ड्समधल्या व्यापाऱ्याकडे, म्हणजे ती सात फोटोंवाली, आणि दुसरी मोरटन-इन-मार्शजवळ एका गृहस्थांकडे. त्यांच्या जाहिरातीत एकच फोटो होता, तोही जरा हललेला. पण मला आधी ऑक्सफर्ड आणि ॲबिंग्डनला जायचं होतं. मामांचं म्हणणं, घोडा घ्यायला निघालेल्याने तबेल्याच्या पाया पडायची काय गरज? तरी आले. त्यांचीच डिझेल हॅचबॅक, त्यांचेच डबे.

ऑक्सफर्डमध्ये लाँगवॉल स्ट्रीट नावाचा अरुंद रस्ता आहे. मोटारी बनवणाऱ्या विल्यम मॉरिसचं 'मॉरिस गॅरेजेस' इथे होतं. एमजी ही अक्षरं त्याचीच. १९२२ मध्ये सेसिल किंबर तिथला व्यवस्थापक झाला. मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर त्याने देखण्या बॉड्या चढवल्या, आणि त्यातून एक वेगळंच नाव उभं राहिलं. पुढे मालकांशी बिनसल्यावर त्याला बाहेर पडावं लागलं, आणि १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या रेल्वे अपघातात तो गेला. आयुष्यभर वेगवान मोटारी केलेला माणूस जेमतेम हललेल्या आगगाडीत जातो, याचं मला कायम विचित्र वाटत आलंय. मामा म्हणाले, "चल, पार्किंगचे पैसे चढतायत."

ॲबिंग्डनला १९२९ ते १९८० अशी एक्कावन्न वर्षं एमजीचा कारखाना होता. आधी तिथे चामड्याचा कारखाना होता. आज जागेवर बघण्यासारखं काही उरलेलं नाही, शेजारी एमजी कार क्लबचं 'किंबर हाउस' तेवढं आहे. इंजिनं आणि बॉड्या बाहेरून यायच्या आणि इथे जुळणी व्हायची. जुळणीची रांग शेवटपर्यंत यंत्राने सरकणारी झालीच नाही. आपलं काम झालं की माणसं गाडी हाताने पुढच्याकडे ढकलायची. पाच लाखांहून जास्त एमजीबी अशा हाताने ढकलत बाहेर पडल्या! हे ऐकल्यावर मात्र मामा थांबले. "ढकलत?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

गावातल्या काउंटी हॉल म्युझियममध्ये अखेरच्या काळातली एक एमजीबी आहे. रबरी बंपरवाली. मी लांबूनच नमस्कार केला.

संध्याकाळी पबमध्ये 'ओल्ड स्पेकल्ड हेन' मागवली. ही बिअर १९७९ साली, एमजी ॲबिंग्डनला आली त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून इथल्याच मोरलँड ब्रुअरीने काढली. कारखान्यात इकडेतिकडे पळवायला एक जुनी गाडी होती. रंगकामाच्या खोलीबाहेर उभी राहून राहून तिच्यावर ठिपके उडाले होते, म्हणून तिचं नाव ठिपकेवाली. नाव वाचून लोकांना कोंबडी वाटते, पण आहे ती मोटार. मामांनी अर्धा ग्लास घेतला आणि कडू आहे म्हणून माझ्याकडे सरकवला.

दुसरा दिवस, शनिवार

व्यापाऱ्याच्या शोरूममध्ये गाडी दिव्यांखाली उभी होती. लालभडक, चाकांचा क्रोम चकचकीत. किंमत १६,९५० पौंड. 'जन्मापासून ब्रिटिश' असं पाटीवर लिहिलेलं.

आता थोडं खालचं सांगतो, म्हणजे मामा जमिनीवर का झोपले ते कळेल. हिच्या आधीच्या एमजीएला स्वतंत्र चासी होती, बॉडी वर ठेवलेली. १९६२ मध्ये एमजीबी आली ती चासीशिवाय. पत्र्याचीच पेटी आणि तीच सगळं वजन पेलते. त्यातून वर छत नाही. मग गाडी मध्ये वाकू नये याची सगळी जबाबदारी दाराखालच्या दोन पोकळ पट्ट्यांवर येते. त्यांना सिल म्हणतात. आत पाणी जातं, माती साठते, आणि सिल आतून बाहेर गंजत येतं. बाहेरून गंज दिसायला लागतो तोवर आतला पडदा बहुधा संपलेला असतो. नीट दुरुस्ती करायची तर पुढच्या आणि मागच्या पंख्यांचा, म्हणजे चाकांवरच्या पत्र्यांचा, तळ कापावा लागतो, कारण सिल त्यांच्या आतपर्यंत गेलेलं असतं. मोठं काम. म्हणून लोक जुन्यावरच नवा पत्रा डकवतात, पुट्टी मारतात आणि वरून काळं डांबरासारखं लेपन करतात. गळूवर पावडर!

मामांनी आधी दारं पाहिली. दार आणि मागच्या पंख्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. इथे ती खाली करंगळीएवढी आणि वर जेमतेम नख जाईल इतकी. म्हणजे गाडी मध्ये खचली होती. मग त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. फ्रिजवर लावतात तसलंच, मागे रुमालाचा तुकडा चिकटवलेलं, रंगाला ओरखडा नको म्हणून. पुढच्या पंख्यावर टक्कन चिकटलं. तिथून ते दाराच्या दिशेने खाली सरकवत नेलं, आणि कोपऱ्यापाशी ते अलगद त्यांच्या तळहातावर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. विक्रेता मुलगा तेवढ्यात चहा विचारून गेला.

मी बॉनेटखाली वाकून चासी नंबरची पाटी शोधली. हे मात्र माझं संशोधन, मामांचं नव्हे. सुरुवातीच्या एमजीबीचा नंबर जीएचएन३ ने सुरू होतो. त्यापुढे इंग्रजी एल असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची म्हणून जन्मली. पाटीवर स्वच्छ 'जीएचएन३एल' होतं. स्टिअरिंग मात्र उजवीकडे.

तसं पाहिलं तर यात पाप काही नाही. बहुतेक एमजीबी अमेरिकेलाच गेल्या. तिकडच्या कोरड्या राज्यांतून परत आणलेल्या गाड्यांचा पत्रा कित्येकदा इथल्यापेक्षा चांगला असतो, आणि स्टिअरिंग बदलून घेणारे बरेच आहेत. पण मग पाटीवर तसं लिहा ना. मुलाला विचारलं तर म्हणाला, एलचा अर्थ 'लक्झरी'. मामांनी इतक्या गंभीरपणे मान डोलावली की मला बाहेर पळावं लागलं.

दुपारभर पाऊस. बोर्टन-ऑन-द-वॉटरला डबे खाल्ले, गाडीतच.

तिसरा दिवस, रविवार

मोरटन-इन-मार्शपासून चार-पाच मैलांवर, शेतांमधल्या रस्त्यावर एक गॅरेज. दार उघडंच होतं. गृहस्थ पंचाहत्तरीचे, हातात काठी. गाडी पांढरी, म्हणजे एमजीच्या भाषेत ओल्ड इंग्लिश व्हाइट. दुधापेक्षा सायीच्या जवळचा रंग. नंबरप्लेटच्या शेवटी डी, म्हणजे १९६६ ची नोंदणी. रंग नवा नव्हता. बॉनेटवर दगड उडून बारीक टवके गेलेले.

काही बोलायच्या आधी त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. गाडीचे दोष, स्वतःच्या अक्षरात, अकरा. हीटरसमोर लिहिलं होतं, "आशा ठेवू नये." दुसऱ्या गिअरला घाईने टाकलं तर खरखरतो. मागचा डावा शॉक ॲब्सॉर्बर तेल गाळतो. पेट्रोलचा काटा टाकी पाव उरली तरी अर्धी दाखवतो. छत चालकाच्या उजव्या गुडघ्यावर गळतं, दुसरीकडे कुठेही नाही. मागच्या डाव्या चाकाच्या खाचा झिजल्या आहेत, दोन वर्षांत हब बदलावा लागेल. नववा दोष पेट्रोलच्या पंपाचा: "कधी कधी झोपतो. उठवावा." चौथा, ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) लागत नसल्याचा, पेन्सिलने खोडून शेजारी लिहिलेलं: "वायर सैल होती. माझीच चूक."

मामांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चुंबक काढलंच नाही. हे मला नंतर लक्षात आलं. तपासलं मात्र सगळं. जॅक पॉइंटला जॅक लावून एका बाजूने गाडी उचलली आणि दार उघडून लावून पाहिलं. सिल मेलेली असली की अशा वेळी गाडी वाकते आणि दार अडकतं. इथे दार लागलं, फ्रिजचं लागावं तसं, एका बोटाने.

"१९९१," गृहस्थ म्हणाले, आणि अल्बम उघडला. दोन्ही बाजूंची सिलं कापून काढल्याचे, आतला पडदा नवा, त्याखालची खाचाखाचांची पट्टी नवी, फरशी नवी, असे टप्प्याटप्प्याचे फोटो. एका फोटोत गाडी इतकी कापलेली होती की पुढचा आणि मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर वेगवेगळे ठेवल्यासारखे दिसत होते. अल्बमच्या शेवटी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेट. कारखान्याच्या मूळ नोंदवह्या तिथे जपल्या आहेत, त्यावरून हा दाखला मिळतो. उजवं स्टिअरिंग, पांढरा रंग, तारेची चाकं, ओव्हरड्राइव्ह, विक्री देशातच. सगळं जुळत होतं.

आणि एक वही. १९८३ पासून भरलेल्या प्रत्येक पेट्रोलची नोंद. तारीख, मैल, आधी गॅलन आणि मग कुरकुरत लिटर. २०२१ च्या सप्टेंबरपाशी लाल शाईत एक ओळ: साधं पेट्रोल आता ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, जुन्या रबरी नळ्यांना ते खातं, तेव्हा नळ्या बदलल्या आणि यापुढे ई५ च. मला वहीची ओढ गाडीहून जास्त लागली, हे खरं सांगतो.

"बसा," ते म्हणाले. मी नेहमीच्या सवयीने वाकलो आणि गुडघा स्टिअरिंगवर आपटला. "तसं नाही. आधी बूड, मग पाय. आणि ते जमेनासं झालं की गाडी विकायची." खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जमत नव्हतं. जानेवारीपासून बायको चालवत होती आणि हे शेजारी बसत होते. "शेजारी बसण्याइतका मी चांगला माणूस नाही."

चावी फिरवली. इंजिन नाही, आधी मागून आवाज: टक टक टक टक. मागच्या उजव्या चाकाजवळ विजेवर चालणारा एसयू पंप कार्ब्युरेटर भरत होता. टक... टक... टक. मग गप्प. "गप्प झाला की कार्ब्युरेटर भरले. गप्पच झाला नाही तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी. काट्यापेक्षा याच्यावर विश्वास ठेवा." चोक ओढून अर्धा वळवला की अडकून राहतो. स्टार्टर. १७९८ सीसीचं इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. टॅपेटचा, म्हणजे वॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा, किटकिटाट. गृहस्थ समाधानाने ऐकत होते. किटकिटणारे टॅपेट बरे, गप्प झालेले टॅपेट वॉल्व्ह जाळतात, असं त्यांचं मत. मामांचंही तेच निघालं. दोघं आता बॉनेटवर ओणवे होऊन माझ्याशिवाय बोलत होते.

एका दिवसाचा विमा फोनवरून काढून मी तिला बाहेर नेलं. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे चाकं पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही. विसरलो, आणि शेतातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला मदतनीस नाही, पाय जोरात दाबावा लागतो. पण तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसला डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा खटका खाली केला, इंजिनाचा आवाज एकदम उतरला आणि गाडी तशीच पळत राहिली. बूड रस्त्यापासून वीतभरच वर आहे असं वाटतं. चाळीसचे साठ वाटतात. ताशी शंभर मैलांच्या जरा वर जाते म्हणतात, पण मला ते बघायचं नव्हतं. परत येईतो इंजिन तापलं होतं. ऑइलच्या दाबाचा काटा धावताना साठजवळ, उभ्या गाडीत विशीच्या जरा वर. मामांनी तो वाचला आणि ओठ बाहेर काढले. ही त्यांची पसंती.

किंमत ११,२५०. मी दहा हजार म्हटलं.

"यादी वाचलीत ना?" ते म्हणाले. "किंमत यादीसकटची आहे."

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. उद्या सकाळी सांगतो म्हणून निघालो. गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, "अरे, दोष लपवणाऱ्याशी घासाघीस करायची. जो स्वतः लिहून देतो त्याच्याशी काय करणार?" मग जरा वेळाने, "शॉक ॲब्सॉर्बरचे पन्नास कमी करायला हरकत नव्हती."

चौथा दिवस, सोमवार

सकाळी नऊला पैसे पाठवले, पूर्ण. गृहस्थांनी लॉगबुकातला, म्हणजे नोंदणीच्या कागदातला, नव्या मालकाचा तुकडा फाडून दिला. चाळीस वर्षं उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला इथे रोड टॅक्स शून्य आणि एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्ती नाही. पण शून्य रकमेचा का होईना, टॅक्स आपल्या नावाने नोंदवल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून फोनवर तो 'भरला'. "एमओटी माफ म्हणजे गंज माफ नव्हे," मामांनी बजावलं. दरवर्षी तरीही तपासून घ्यायची, असं माझ्याकडून तिथेच वदवून घेतलं.

गृहस्थांनी एक लाकडी पेटीही दिली. चाकांच्या मधल्या चक्र्या सैल करायचा तांब्याच्या डोक्याचा हातोडा, एक सुटा पंप, ग्रीसगन. फोन गाडीवर चार्ज करू नका म्हणाले, हिचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, आजच्या वस्तूंच्या बरोबर उलटा. बॅटऱ्या सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटमागे फरशीखाली. बोलत बोलत ते बॉनेटवरून फडकं फिरवत होते, एकाच जागी. बायको आतून म्हणाली, पुरे. मग थांबले.

मोरटनच्या मुख्य रस्त्यालाच फॉस वे म्हणतात. रोमनांनी एक्झिटरपासून लिंकनपर्यंत आखलेला रस्ता, लेस्टरवरून जाणारा. म्हणजे घरापर्यंत आम्हाला जवळजवळ एकच रेघ ओढायची होती. मामा मागून हॅचबॅकमध्ये. गेडनचं म्युझियम वाटेवरच, म्हणून तासभर थांबलो. किंबरने १९२५ मध्ये वापरलेली 'ओल्ड नंबर वन' तिथे आहे. मासोळीसारखी ईएक्स१८१ ही आहे. १९५७ मध्ये दीड लिटरच्या इंजिनावर शर्यतपटू स्टर्लिंग मॉसने अमेरिकेतल्या मिठागरावर हिला ताशी २४५ मैलांवर पळवलं. पण माझं अर्धं लक्ष पार्किंगमध्ये होतं. कोणी तिला टेकून फोटो काढत असेल का?

गेडन सोडल्यावर रस्ता एकदम सरळ आणि ओसाड होतो. पाच-सहा मैल गेलो असू, इंजिनाने एक उसासा टाकला, दुसरा टाकला आणि गाडी कडेला गवतात थांबली. चावी फिरवली. मागून आवाज नाही. टक नाही की काही नाही.

मामा उतरून आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून यादीची घडी काढली. "नऊ," म्हणाले. पेटीतून हातोडा काढला, उजव्या मागच्या चाकापाशी गुडघे टेकले, हात आत घातला आणि पंपाला एक हलकीच टपली दिली. झोपलेल्या पोराला मारतात तशी. टक. टक टक टक टक. मग हळू होत गप्प. सत्तरीचा माणूस गवतातून उठला तेव्हा पँटचे गुडघे हिरवे आणि चेहरा शाळा सुटल्यासारखा.

"आता तू माझी चालव," म्हणाले. आणि माझ्या हातातून चावी घेतली.

हाय क्रॉसजवळ, जिथे फॉस वेला वॉटलिंग स्ट्रीट छेदतो, तिथपर्यंत मी त्यांच्या मागे होतो. टोपीवाला एक माणूस, कान वाऱ्यावर, चाळीसच्या वर नाही. मागे सात गाड्यांची रांग.

लेस्टरच्या पहिल्या गोलचक्करापाशी पाऊस आला, छत चढवलं, आणि जागांची पुन्हा अदलाबदल केली. माझा उजवा गुडघा लगेच भिजला, डावा कोरडा. कागदात होतं तसंच. चक्कराला मी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं आणि हॉर्न वाजला. मी दाबला नव्हता. पुढच्या चक्कराला पुन्हा. त्याच्या पुढच्यालाही. लोक बघायला लागले. घरापर्यंत असे नऊ.

रात्री वही उघडली. १९८३ पासून निळ्या शाईत चाललेल्या त्या बारीक अक्षराखाली माझं अक्षर फारच मोठं दिसत होतं. तारीख, मैल, गेडनजवळ भरलेलं ई५, लिटर ३१. मग यादीचा कागद मामांकडून मागून घेतला, आणि अकराच्या खाली लिहिलं: १२. डावीकडे वळताना हॉर्न वाजतो.